मशीनवरचा गणपती

देवासच्या आमच्या कॉलेजात एकच खोली थंड होती आणि तिथे चपला बाहेर काढून जावं लागायचं. बाहेर गरम वाऱ्याची लू चालत असायची, व्हरांड्याची फरशी भाजायची, आणि आत पाऊल टाकलं की तळपायांना एकदम गारवा लागायचा. तो गारवा मला आठवतो, एवढं म्हणणं पुरेसं नाही. मला तो हवा असतो, अजूनही. आज मी कॉम्प्युटरच्या कितीतरी खोल्यांत जाते, पायांत बूट असतात, कुणी हटकत नाही. तरी दारापाशी पाय घुटमळतात. शेजारी निळ्या पट्ट्यांच्या रबरी चपला काढल्या जातील म्हणून ते थांबत असावेत.

त्या चपला माझ्या मैत्रिणीच्या. आम्ही दोघी धारच्या, एकाच गल्लीतल्या. दोघींच्या घरचे कुणी खापरपणजोबा दरबाराबरोबर माळव्यात आले आणि इथलेच झाले. दरबार गेला तरी घरात मराठी राहिली, आणि सोवळंओवळंही राहिलं. सत्तरच्या दशकातली आमची शाळा हिंदी. शाळेत जो पहाडा म्हणायचा तोच घरी येऊन पाढा म्हणून पुन्हा म्हणायचा, म्हणजे गणित दोनदा पक्कं व्हायचं. माझं एकदाच व्हायचं, कारण घरी मी पळ काढायचे. तिचं मात्र दोनदा व्हायचं.

संध्याकाळी किल्ल्याखालच्या मोकळ्या जागेत आम्ही लंगडी खेळायचो. एका पायावर उड्या मारत बाकीच्यांना पकडायचं आणि दुसरा पाय जमिनीला टेकला की बाद. ती चपळ होती, एका दमात चारचौघींना गारद करायची. पण मध्येच कधी पाय टेकला, अगदी निसटता, धुरळ्यात कुणाला दिसलाही नसला, तरी ती आपणहून ओरडायची, "मी आउट!" मी कायम तिच्याच बाजूला, त्यामुळे माझा जळफळाट व्हायचा.

"अगं, कुणी पाहिलं नव्हतं!"

"मला कळलं ना," ती म्हणायची, आणि कडेला जाऊन बसायची. तोंड पाडून बसली असती तर मला बरं वाटलं असतं. ती टाळ्या वाजवत उरलेला खेळ बघायची.

बी.एस्सी. दोघींनी धारलाच केलं. त्या सुमारास, म्हणजे ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं तेव्हा, देवासच्या एका कॉलेजात विद्यापीठाने कॉम्प्युटरचा एक वर्षाचा डिप्लोमा सुरू केल्याची बातमी आली. कॉम्प्युटर म्हणजे काय हे गल्लीत कुणालाच माहीत नव्हतं. आमच्या बाबांना वाटलं, टायपिंगच्या पुढची पायरी असेल, आणि टायपिंग मुलींना शोभतं, म्हणून त्यांनी परवानगी दिली. तिच्या वडिलांनी नीट चौकशी केली. ते शिक्षक होते, आधी अमझेऱ्याला आणि मग धारला. त्यांनी तिला समोर बसवून सांगितलं, की धारपलीकडच्या राजगडचं एक स्थळ चालून आलं आहे, माणसं चांगली आहेत, एक वर्ष थांबतो म्हणतात. या वर्षात नोकरी लागली तर लग्नाचं पुढे बघू. नाही लागली तर मात्र आढेवेढे घ्यायचे नाहीत. तिला हे वाजवी वाटलं. तिला सगळे नियम वाजवी वाटायचे.

नोकरीही समोर दिसत होती. विभागप्रमुखांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं होतं, की जो पहिला येईल त्याला याच खोलीत डेमॉन्स्ट्रेटर म्हणून ठेवून घेऊ. तिने ते ऐकलं आणि माझा हात इतका घट्ट दाबला की बांगडी मनगटात रुतली.

मी देवासला ताईकडे राहायचे, ती तिच्या काकांकडे, दोन गल्ल्या सोडून. ते काका फॅक्टरीत शिफ्टमध्ये काम करायचे. देवास तेव्हा अर्धं टेकडीवरच्या देवीच्या आरतीवर चालायचं आणि अर्धं फॅक्टरीच्या भोंग्यावर. सकाळी आम्ही भेटायचो, कोपऱ्यावरच्या टपरीवर पोहे खायचो आणि कॉलेजपर्यंत चालत जायचो. त्या चालण्यात ती बोलत असायची ते सगळं प्रोग्रामविषयी. काकांची सलग दोन आठवडे रात्रपाळी लागली की काकू कशा चिडतात यावरून तिने एक प्रोग्राम मनात रचायला घेतला होता. माणसं घालायची, शिफ्ट घालायच्या, आणि कुणाच्याच वाट्याला लागोपाठ दोन आठवडे रात्र येणार नाही असं वेळापत्रक मशीनने काढून द्यायचं. "कुणीतरी बसून ठरवतो म्हणून वशिला चालतो," ती म्हणायची. "मशीन ठरवेल तर सगळ्यांना सारखं." मी पोह्यांतल्या शेवेकडे लक्ष देऊन हो हो म्हणायचे. आज वाटतं, त्या सकाळींपैकी एक तरी मला परत मिळावी. मी शेव बाजूला ठेवीन आणि नीट ऐकेन.

वर्गात मुलगे भरपूर, मुली एका बाकावर मावतील एवढ्या. मशीन एकच. पडद्यावर हिरवी अक्षरं, बाजूला करकर करणारा प्रिंटर, खाली गुणगुणणारा स्टॅबिलायझर. प्रत्येकाला आठवड्यातून एक तास मिळायचा. उरलेला आठवडा आम्ही तो तास कसा वापरायचा याच्या तयारीत घालवायचो, कागदावर प्रोग्राम लिहून, पुन्हा पुन्हा तपासून. तिचा तास संपला की ती थंड खोलीतून बाहेर यायची तेव्हा तिचे हात गार असायचे आणि कान लाल.

मग नवरात्र आलं. खंडेनवमीला आमच्याकडे शस्त्रांची पूजा करायची, आणि शस्त्रं उरली नाहीत तेव्हापासून हत्यारांची. बाबा टाक-दौत पुजायचे, भाऊजी पाने आणि स्क्रू-ड्रायव्हर, ताई शिवणयंत्र. मशीनची खोली ज्यांच्या ताब्यात होती त्यांना आम्ही ऑपरेटरसाहेब म्हणायचो. देवासच्या जुन्या मराठी घराण्यातले गृहस्थ, मऊ बोलणारे, मुलींशी बोलताना नजर कायम प्रिंटरवर. त्यांनी त्या दिवशी मशीन पुसलं, पडद्याच्या कडेला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली आणि वर एक पितळेचा गणपती बसवला. दोन बोटांत धरता येईल एवढाच. आम्ही सगळ्यांनी आरती म्हटली. विभागप्रमुख हिंदी बोलणारे होते, त्यांनी टाळ्या वाजवल्या. मलाही छान वाटलं होतं, उगीच आज शहाणपणा कशाला करू? दसरा झाल्यावर माळ उतरली. गणपती मात्र राहिला.

कुणीही कसलाही नियम केला नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे ज्यांना ज्यांना ही गोष्ट सांगितली ते पहिला प्रश्न हाच विचारतात की हा नियम केला कुणी. कुणी नाही. आमच्या बाकावरच्या एका मुलीने पुढच्या महिन्यात तिचा तास चुकवला आणि ताप आला म्हणून सांगितलं. मग दुसरीला ताप आला. आम्हा सगळ्याजणींना तो ताप ओळखीचा होता. घरात त्या चार दिवसांत बाजूला बसायचं, देवघराकडे फिरकायचं नाही, लोणच्याला हात लावायचा नाही. आता कॉलेजातल्या मशीनवरही देव बसला होता आणि त्याच्या खोलीत चपला काढून जायचं होतं. कुणी काही बोललं नाही, पण सगळ्याजणींना सगळं कळलं.

ऑपरेटरसाहेबांनाही कळलं असावं. घरी बायको होती, मुली होत्या. ते कधी एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी फक्त सोय केली. एकदा आमच्या बाकापाशी आले आणि खिडकीकडे बघत म्हणाले, "बेटा, तुम्ही कागद देऊन देत जा. हे मुलगे चालवून देतील. कशाला उगीच तकलीफ?"

या सोय शब्दाचा मला तेव्हापासून राग आहे. आमच्यासाठी जे जे बंद झालं ते सगळं सोय म्हणून बंद झालं. आधी चार दिवसांची सोय होती. मग जिचा तास असेल तिला तिचे दिवस आहेत की नाहीत हे विचारणार कोण, म्हणून सरसकट सोय झाली. विभागप्रमुख खूश. "लड़कियों को सुविधा हो गई," म्हणाले. मुलींचे कागद आत जायचे, छापील प्रोग्राम बाहेर यायचा, आणि खाली ज्या मुलाने बटणं दाबली त्याची झोकदार सही असायची. त्या मुलांना आपण काही वावगं करतो आहोत असं वाटायचं नाही. ते मदत करत होते.

हे पाहिलं आमच्या मॅडमनी. त्या गणिताच्या, इंदूरहून बसने यायच्या, खांद्याला शबनम, आवाज खणखणीत. एक दिवस त्यांनी छापील कागद वर धरला आणि विचारलं, "हा कोणाचा?" सही ज्याची होती तो मुलगा उठला. मुलगा सरळ होता. म्हणाला, "मॅडम, लिखा इसने, चलाया मैंने." त्याने बोट माझ्या मैत्रिणीकडे केलं होतं.

मॅडमनी कागद खाली ठेवला. त्या दिवशी त्यांनी गणित शिकवलं नाही. त्या म्हणाल्या, की उद्या तुमच्या प्रोग्रामवर कुणाचा पगार ठरेल, कुणाची शिफ्ट ठरेल, आणि ते चुकलं तर तो माणूस विचारायला येईल. तेव्हा उत्तर द्यायला जो उभा राहील त्याचीच सही खाली हवी. कागदावर बरोबर दिसणं म्हणजे बरोबर असणं नव्हे. ज्याने स्वतः चालवून पाहिला नाही, त्याने सही करायची नाही. मग आमच्या बाकाकडे वळून म्हणाल्या, "आणि तुम्ही लाजायचं बंद करा. आत जा आणि बसा मशीनसमोर."

मॅडमनी तो नियम आम्हाला आत ढकलायला केला होता. त्यांना गणपतीची भानगड माहीत नव्हती, त्या फक्त एवढंच समजल्या होत्या की मुली बुजतात. आमच्यातल्या कुणीही त्यांना सांगितलं नाही. कसं सांगणार? असल्या गोष्टी आईशीसुद्धा आम्ही खुणेने बोलायचो.

मॅडमच्या बोलण्यानंतर आम्ही पुन्हा आपापल्या तासाला जाऊ लागलो, ते चार दिवस वगळून. मला ते वगळणंही पटेना. एका महिन्यात माझा तास नेमका त्या चारांतल्या दुसऱ्या दिवशी आला आणि मी सरळ आत जाऊन बसले. ताईच्या सासूबाईंच्या घरात मी मुकाट्याने कोपऱ्यात चटईवर बसायचे, कारण ते घर त्यांचं होतं. मशीन त्यांचं नव्हतं. गणपतीकडे बघून मी मनात म्हटलं, बघ बाबा, तुझी आईही बाईच आहे. आणि कामाला लागले.

तासाच्या मध्यावर पडदा काळा झाला. स्टॅबिलायझरमधून जळका वास आला आणि सगळं बंद. फॅक्टऱ्यांचा लोड, उन्हाळ्याचे दिवस, वीज सारखी वरखाली होत होती. मेकॅनिक आला, स्टॅबिलायझर बदलला, मशीन सुरू झालं. पण ज्या फ्लॉपीवर वर्गाचं काम साठवलेलं होतं ती खराब झाली. माझ्या मैत्रिणीचा शिफ्टचा प्रोग्रामही गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे खाताना मी तिला फुशारकीने सांगितलं, की काल मी आत गेले होते, माझा दुसरा दिवस असताना, आणि कुणाला कळलंसुद्धा नाही.

तिच्या हातातला चमचा तसाच राहिला. "काल? काल तर मशीन बंद पडलं."

"ते स्टॅबिलायझर जळला म्हणून."

"आल्यापासून कधी बंद पडलं होतं?"

"नव्हतं पडलं. पण त्याचा आणि याचा काय संबंध? तू कॉम्प्युटर शिकतेस ना?"

"मी कुठे संबंध आहे म्हणते?" ती हळूच म्हणाली. "संबंध नाही असं तरी कसं म्हणू? एकदाच झालं, आणि तेव्हा तू होतीस."

मी तिला वेडी म्हटलं, अडाणी म्हटलं, टेकडीवर जाऊन नारळ फोड म्हटलं. ती हसली नाही. शिफ्टचा सगळा प्रोग्राम तिने डोक्यातून पुन्हा लिहून काढला आणि आपल्या तासाला जाऊन चालवला, सही केली. पण त्या चार दिवसांत ती आता त्या व्हरांड्यातही यायची नाही.

प्रॅक्टिकलची परीक्षा ज्या तारखेला होती त्या तारखेला तिला काही अडचण नव्हती. परीक्षा पुढे गेली. बाहेरून येणाऱ्या परीक्षकांना त्या आठवड्यात जमेना, म्हणून पुढचा आठवडा ठरला. नोटीस वाचून तिने बोटांवर हिशेब केला आणि माझ्याकडे पाहिलं. मला न सांगता कळलं.

परीक्षेच्या सकाळी मी तिला घ्यायला तिच्या काकांकडे गेले. ती तयार होती, वेणी घट्ट घातलेली, साडी इस्त्रीची. वाटेत मी तिला विनवलं, धमकावलं, शपथ घातली. आत चल, बस, प्रोग्राम चालव, बाहेर ये. तासाभराचं काम. धारच्या लंगडीत केलंस ते पुरे झालं.

"कुणालाही कळणार नाही," मी म्हटलं.

"मला कळतंय ना," ती म्हणाली.

"मग निदान ताप आला म्हणून घरी राहा. पुढे घेतील परीक्षा."

"मला ताप नाहीये."

त्या दिवशी टपरी उघडी होती, पण आम्ही पोहे खाल्ले नाहीत.

तिचा नंबर पुकारला तेव्हा ती व्हरांड्यात गेली, चपला काढल्या आणि उंबऱ्याच्या अलीकडे उभी राहिली. आत परीक्षक, विभागप्रमुख, मॅडम, ऑपरेटरसाहेब, आणि पुढचे नंबर असलेले आम्ही काहीजण. मॅडम म्हणाल्या, "ये की गं आत."

"मॅडम, मला आज शिवायचं नाही," ती म्हणाली.

खोलीत निम्म्यांना मराठी कळत होतं. ते सगळे एकदम आपापल्या पायांकडे बघू लागले. परीक्षकांना कळलं नाही, त्यांनी विचारलं, "क्या हुआ?" ऑपरेटरसाहेब घाईघाईने म्हणाले, "सर, बच्ची की तबियत..." ती मध्येच म्हणाली, "नहीं सर, तबियत ठीक है. मशीन पर गणपति हैं. मैं आज छू नहीं सकती."

त्या काळात, पुरुषांनी भरलेल्या खोलीत, स्पष्ट आवाजात. माझे कान तापले. लाजेने तापले की अभिमानाने, हे मला अजून सांगता येत नाही. एवढं नक्की, की तिच्याइतकं धीट मी नंतर कुणाला पाहिलं नाही, आणि तो सगळा धीटपणा तिने बाहेर उभं राहण्यात खर्च केला.

विभागप्रमुखांनी सोय काढली. "अरे भई, इसमें क्या है? वो बोल देगी, कोई टाइप कर देगा." परीक्षकांनी मान हलवली, त्यांना परतीची गाडी गाठायची होती. तो सरळ मुलगा मशीनसमोर बसला. तिला प्रश्न वाचून दाखवला. तिने थोडा वेळ डोळे मिटले आणि दारातून सांगायला सुरुवात केली, ओळ, तिचा क्रमांक, प्रत्येक चिन्ह. पडदा तिला दिसत नव्हता. मध्ये एकदा तिने त्याला मागची ओळ वाचायला लावली आणि म्हणाली, "कंस बंद नहीं किया, भिया." त्याने केला. प्रोग्राम पहिल्या झटक्यात चालला. प्रिंटर करकरला, तेव्हा ती पुढे झुकली, आणि पायाची बोटं उंबऱ्यापाशी आली तशी मागे सरकली.

परीक्षक खरोखर खूश झाले. म्हणाले, "साइन करवा लो, पूरे नंबर दूँगा." मुलगा कागद आणि पेन घेऊन दारात आला.

तिने कागद हातात घेतला, वरपासून खालपर्यंत वाचला, आणि परत दिला.

"कर सही," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, चालवला याने."

"लिहिलास तू. सगळ्यांनी ऐकलं. कर सही."

"तुम्हीच सांगितलं होतं ना," ती म्हणाली. तिच्या आवाजात हट्ट नव्हता. खेळातून बाद झाल्यावर कडेला बसताना असायचा तसाच तो आवाज होता. मुलाने सवयीने पेन उघडलं होतं, ते त्याने टोपण लावून खिशात ठेवलं. कागदावर कुणाचीच सही झाली नाही. निकालात, सही नाही म्हणून, प्रॅक्टिकलच्या रकान्यात तिच्यापुढे अनुपस्थित असं आलं.

आणि मला जी गोष्ट आजही झोपू देत नाही ती ही. त्या खोलीत पदव्यांची रास होती. विद्यापीठाचे परीक्षक होते, गणिताच्या मॅडम होत्या, मी होते, जिला सगळ्यांपेक्षा जास्त अक्कल आहे असं मला वाटायचं. आणि तो दोन बोटांचा गणपती उचलून तासभर टेबलावर ठेवावा, हे आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही. मॅडमना सुचलं नाही, तिला सुचलं नाही, मलाही सुचलं नाही. तिला आत कसं आणायचं किंवा बाहेर कसं ठेवायचं एवढाच विचार आम्ही करत राहिलो.

वर्गात पहिला आला तो सरळ मुलगा. डेमॉन्स्ट्रेटरची जागा त्याला मिळाली. काही महिन्यांत तो मोठ्या पगारावर मुंबईला गेला आणि रिकामी झालेली जागा माझ्या पदरात पडली. तोवर तिचं लग्न होऊन ती राजगडला गेली होती. लग्नात मी होते. तिने मला विचारलं, शिफ्टचा प्रोग्राम ठेवलाय का जपून. मी हो म्हटलं. तिच्या काकांच्या फॅक्टरीत तो कुणी वापरला नाही. माझ्याकडे मात्र तो वर्षानुवर्षं चालत होता, मुलांना शिकवायला, आणि सुरू झाला की खाली तिचं नाव यायचं.

कामावर रुजू झाले त्या सकाळी मी चपला काढल्या, आत गेले, गणपती उचलला आणि ऑपरेटरसाहेबांच्या टेबलावर, त्यांच्या पाण्याच्या तांब्याशेजारी ठेवला. "तिथे तुम्हाला फूल वाहायला सोपं जाईल," मी म्हटलं. "सोय होईल." दुसऱ्या दिवशी फूल त्यांनी तिथेच वाहिलं. एवढंच होतं ते काम.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं तेव्हा ती मला धारच्या बस स्टँडवर भेटली. मी देवासहून आले होते, ती माहेरून राजगडला निघाली होती. बरोबर तिची लहान मुलगी. बसला वेळ होता. आम्ही बाकावर बसलो, तिने सासरचं सांगितलं, मी ताईचं सांगितलं. बोलणं संपत आलं तेव्हा तिने विचारलं, "मशीनवर अजून गणपती आहे का गं?"

"नाही. मी उचलून टेबलावर ठेवला."

"उचलून?"

"हो. हाताने."

तिने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाली, "आणि मुली जातात आत? चारही दिवस?"

"कुणी विचारतच नाही आता."

"आणि मशीन?" ती थांबली. "बंद पडतं?"

"पडतं की," मी म्हटलं. "जुनं झालंय. रोज पडतं. कुणीही बसलेलं असलं तरी पडतं."

ती हसायला लागली. रोज पडतं, रोज पडतं, असं म्हणत पदराने डोळे पुसत हसत राहिली, आणि मग नुसतेच डोळे पुसत राहिली. मी तिचा हात धरला. तो गार नव्हता. मला त्या खोलीची आठवण आली.

समोर तिची मुलगी फलाटाच्या फरशीवर एकटीच लंगडी घालत होती, या खांबापासून त्या खांबापर्यंत. मध्येच तिचा तोल गेला आणि पाय टेकला. मला दिसला. हिलाही दिसला. मुलगी तशीच उभी राहून आमच्याकडे बघत होती.

"आई, मी आउट झाली का?"

"नाही," माझी मैत्रीण म्हणाली. "मी नाही पाहिलं. खेळ तू."

मग राजगडची बस लागली, आणि ती पिशवी उचलून उठली.